निळ्या पेन्सिलीची रेघ

मामा आमच्याकडे आला की आधी दाराशी चपला काढायचा आणि मग वाकून त्या सरळ करायचा. दोन्हींचे अंगठे एका रेषेत आले पाहिजेत. मग आईच्या, मग माझ्या. सगळ्या चपला शिस्तीत उभ्या राहिल्या की मगच त्याला पाणी प्यायला सवड व्हायची. कचेरीत त्याला 'पट्टी' म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण त्याला ठाऊक होतं, आणि मला वाटतं मनातून ते त्याला आवडतही असावं.

तो सीमांकन कचेरीत आरेखक होता. निवडणुकीचे मतदारसंघ कुठून कुठवर, हे ज्या नकाशांवर दाखवतात ते नकाशे काढणारा. ठरवणारा नव्हे, काढणारा. हा फरक तो पाहुण्यारावळ्यांना हमखास समजावून सांगायचा. पाहुणे माना डोलवायचे आणि लगेच विचारायचे, "मग आमच्या गल्लीचं काय ठरवलंत?" मामा कपाळाला हात लावायचा. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, कुणाशी भांडला नाही. नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात तो हाच, फक्त ह्याच्या नाकासमोर कायम कागद असायचा.

खिशात त्याच्या तीन वस्तू ठरलेल्या. रुमाल, खोडरबर आणि एक फिकट निळी पेन्सिल.

ही पेन्सिल मी आठ वर्षांची असताना मला दाखवून तो म्हणाला होता, "ही कॅमेऱ्याला दिसत नाही." मला ती जादूच वाटली. खरं म्हणजे कामाची सोय होती. नकाशा एका मोठ्या पारदर्शक कागदावर काढायचा आणि त्याच्या प्रती कॅमेऱ्यानं घ्यायच्या, अशी त्यांची पद्धत. तो कॅमेरा ह्या निळ्या रंगाला आंधळा होता. म्हणून चाचणीच्या रेघा निळ्यानं काढायच्या, मंजुरी आली की शाईनं पक्क्या करायच्या. खालची निळी तशीच राहायची. कचेरीत निळी रेघ कुणी म्हणजे कुणी पुसत नसे. जी दिसतच नाही तिच्यावर रबर झिजवायचं कशाला? खिशातलं खोडरबर साध्या पेन्सिलीसाठी होतं. मी त्या दुपारी निळ्या पेन्सिलीनं घराची अख्खी भिंत रंगवली. कॅमेऱ्याला ती दिसली नसती, पण आईला दिसली, आणि पुढचा आठवडा माझे कान लाल होते.

आता आमच्या घराविषयी. आमची वसाहत तीनशे चाळीस घरांची. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ, आणि मधल्या पट्ट्यात आम्ही आणि बाटल्यांचा कारखाना. औषधांच्या बाटल्या, तपकिरी आणि पांढऱ्या. वडील भट्टीवर होते. छातीच्या दुखण्यानं ते गेले, तेव्हा आईला तपासणीच्या टेबलावर घेतलं. मी मोठी झाले तशी शेजारच्या टेबलावर बसले. समोर दिव्याची काच, तिच्यापुढे बाटली दोन बोटांत धरून फिरवायची. बुडबुडा असला, चीर असली, खडा असला की डाव्या टोपलीत. नसला की उजवीकडे. आई टोपलीकडे न बघता बाटली टाकायची आणि कधी चुकायची नाही.

काचेच्या भट्टीची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. ती विझवता येत नाही. आमची अकरा वर्षं अहोरात्र जळत होती. थंड झाली की आतली वितळलेली काच जागच्या जागी गोठते, विटा तडकतात, आणि मग नवी भट्टी बांधण्यावाचून उपाय नसतो. ती तशी जळती ठेवायला इंधन लागायचं, आणि ते आम्हाला निम्म्या दरात मिळायचं, कारण विकास मंडळाच्या मागास भागांच्या यादीत आमचं नाव होतं. सवलत गेली तर मालक महिनाभरही भट्टी पेटती ठेवणार नाही, हे वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाहेर कुणी मागास म्हटलं तर माणसं अंगावर धावून जातात. आमच्याकडे तो शब्द आम्ही जपून ठेवला होता, कारण त्याच्यावर आमच्या चुली पेटत होत्या.

नवी शिरगणती झाली आणि मतदारसंघ नव्यानं आखायचे असं जाहीर झालं. त्याच वर्षी विकास मंडळानं एक ठराव केला. मागास यादी आता गावागावानं न करता मतदारसंघानुसार करायची. मतदारसंघ मागास तर त्यातलं सगळं मागास, मतदारसंघ पुढारलेला तर सगळं पुढारलेलं. कारभार सुटसुटीत होईल, असं वर्तमानपत्रात छापून आलं. मोठ्या कचेरीतून 'सुटसुटीत' हा शब्द निघाला की आपण आपलं सामान आवरायला घ्यावं, असं माझं मत आहे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्या नेहमीच सुटसुटीत दिसतात.

हिशोब अगदी सोपा होता. रुळांपलीकडे गरीब गाव होतं, त्याच्या मतदारसंघात आम्ही होतो. कालव्यापलीकडे शहर. आजवर सीमा कालव्यावरून जात होती. ती तिथेच राहिली तर आम्ही गावाचे, मागास, आणि भट्टी चालू. सीमा रुळांवर सरकली तर आम्ही एका रेघेसरशी शहराचे, पुढारलेले, आणि भट्टी बंद.

ती रेघ काढणारा माणूस दर रविवारी आमच्याकडे जेवायला येत होता.

"आमचं कुठं जातंय रे दादा?" आईनं विचारलं. ती त्याच्याहून चार वर्षांनी लहान, पण घरात हुकूम तिचा.

"मी काही ठरवत नाही गं."

"काढतोस तर तू."

"अजून काढलेलं नाही. आणि काढलं तरी सांगता यायचं नाही, शपथ घेतलीय."

"हो बाई, अळीमिळी गुपचिळी," आई म्हणाली आणि तिनं त्याला आमटी वाढली. ती हसत होती. तिला मनापासून वाटायचं की दादा तिथे बसलाय तोवर आपल्याला काय होणार. दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तिनं मला किती वेळा ऐकवलंय त्याला गणती नाही.

पुढचं जे आहे ते मामानं मला नंतर सांगितलं. मी ते इथे त्याच्या जागी सांगते, म्हणजे समजायला बरं.

आमची वसाहत दोन कागदांच्या सांध्यावर येत होती. गावाचा कागद एका आरेखकानं काढलेला, शहराचा दुसऱ्यानं. दोघांच्या रेघा सांध्याशी येऊन थांबल्या होत्या आणि मधली दोन बोटं जागा कोरी होती. सांधे जुळवायचं काम कचेरीत सगळ्यात जुन्या हाताला देत, म्हणजे मामाला. मंजुरी येईपर्यंत ती जागा कोरीच ठेवायची असा नियम.

एका दुपारी मोठे साहेब त्याच्या टेबलाशी आले. एकतीस वर्षांत कुठलाही साहेब त्याच्या टेबलाशी आला नव्हता. ह्यालाच आत बोलावत. साहेबांच्या हातात चहाचे दोन कप होते. एक त्यांनी मामापुढे ठेवला.

"हा सांधा जरा रुळांवरून घेऊन दाखवता? फक्त दिसतो कसा ते बघू," साहेब म्हणाले.

मामानं निळी पेन्सिल काढली. रुळांच्या कडेनं रेघ नेली. सिग्नलच्या केबिनपाशी ती किंचित बाहेरून वळवली, कारण रेघेनं इमारत कापायची नाही हा त्याचा नेम. कुणाचं घर त्यानं आजवर कापलं नव्हतं. तीनशे चाळीस घरं ह्या बाजूची त्या बाजूला गेली, पण कापलं गेलं नाही एकही.

"सुरेख. हात आहे तुमचा," साहेब म्हणाले.

"पुसू?" असं मामानं विचारलं नाही. निळी रेघ कुणी पुसतच नसे. त्यानं विचारलं, "ठेवू?"

"असू द्या. नंतर बघू."

त्या रविवारी मामा खुशीत होता. साहेबांनी माझ्या हाताचं कौतुक केलं, असं त्यानं दोनदा सांगितलं. कशासाठी केलं ते सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. आईनं त्या दिवशी गोड केलं. ह्या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि नेमका कुणाचा येतो ते मला ठरवता येत नाही.

नंतरच्या आठवड्यात कचेरीतला जुना कॅमेरा काढून नेला आणि कपाटाएवढं एक यंत्र आणलं. कागद एकीकडून घातला की दुसरीकडून प्रत बाहेर. त्याचं बटण साहेबांनी दाबलं. खोली लहान म्हणून आरेखकांना बघायला बोलावलं नव्हतं. ह्या यंत्राला निळं दिसत होतं. निळं, तांबडं, बोटाचा डाग, सगळं त्याला सारखंच दिसायचं आणि सगळं ते काळंकुळकुळीत छापायचं. बाकीच्या कागदांवरच्या निळ्या रेघा शाईच्या खाली होत्या, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही. शाई नसलेली निळी रेघ सगळ्या नकाशांत एकच होती. पहिल्याच गठ्ठ्यात आमचा सांधा होता, आणि तो गठ्ठा माहितीसाठी म्हणून विकास मंडळाकडे गेला.

तीन महिने काही घडलं नाही. निदान आम्हाला दिसेल असं नाही. कारखान्यात दोन माणसं येऊन चिमणीचे फोटो काढून गेली. मालकानं नव्या साच्यांची मागणी रद्द केली. मग एका सकाळी फोरमननं आम्हाला फाटकाशी थांबवून पत्र वाचून दाखवलं. प्रारूप मतदारसंघानुसार आपला भाग शहरात समाविष्ट होत असल्याने पुढील तिमाहीपासून इंधन सवलत लागू राहणार नाही. खाली मंडळाचा शिक्का. फोरमन घडी घालताना म्हणाला, "नकाशा नगरपालिकेत लावलाय म्हणे. तीस दिवसांत हरकत घ्यायची." आणि घसा खाकरून आत गेला.

आईनं मला मामाबरोबर पाठवलं. "दादाला दाखव. काहीतरी घोटाळा झालाय, त्याला लगेच कळेल."

लगेच कळलं. नगरपालिकेच्या जिन्याखाली काचेमागे नकाशा होता आणि माणसं काचेवर बोटं फिरवून आपापल्या गल्ल्या शोधत होती. मामानं चष्मा लावला, माणसांच्या खांद्यांमधून वाट काढली, आणि सांध्यावर नजर गेल्यावर तो हललाच नाही. मग त्यानं सिग्नलच्या केबिनपाशी बोट टेकवलं. रेघ तिथे किंचित बाहेरून गेली होती.

"चल," तो म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. चहा, पेन्सिल, 'असू द्या'. सांगताना तो रुमालाची घडी घालत होता आणि उलगडत होता.

"मग ती तू काढलेली रेघ आहे," मी म्हटलं.

"माझी आहे. पण मंजूर नाही. चूक आहे ती, यंत्राची चूक. चूक दुरुस्त होते. तुम्ही हरकत घाला, ती शेऱ्यासाठी माझ्याकडेच येणार. ज्यानं सांधा काढला त्याचाच शेरा घेतात. मी खरं ते लिहीन आणि विषय संपेल."

"साहेबांना यंत्राचं ठाऊक नव्हतं?"

त्यानं रुमाल खिशात ठेवला. "ते मला कसं कळणार?" मग म्हणाला, "आईला आत्ता सांगू नकोस. दुरुस्त झालं की मीच सांगतो."

मी नाही सांगितलं. त्याच्या तोंडाकडे बघून मला दया आली, हे एक. आणि आईचा दादा मोडून पडलेला मला बघायचा नव्हता, हे दुसरं. पण मी गप्प बसले ते बसले.

आईनं आठ दिवसांत तीनशे चाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे गोळा केले. पाळी संपली की वही घेऊन निघायची. ज्या घराशी तिचं बोलणं बंद होतं त्याही घरी गेली आणि तिथे चहा पिऊन आली. मामानं आम्हाला बजावलं होतं की साधं लिहा, सीमा पूर्ववत कालव्यावरून ठेवावी, बस्स. पण कामगार संघाच्या चिटणीसाचं रक्त तापलेलं. त्यानं मधे एक वाक्य घुसवलं. सदर रेघ कोणाच्या तरी दबावाखाली काढलेली आहे. आईला ते आवडलं. "बरं झालं लिहिलंत. दादा काही असली रेघ आपण होऊन काढणार नाही, आणि त्याच्या कचेरीतलाही कुणी काढणार नाही," ती म्हणाली. मी बाटल्यांच्या खोक्यांकडे बघत राहिले.

हरकत खरोखरच मामाकडे आली. तो टेबलाशी बसून शेरा लिहीत असताना साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेब रागावले नाहीत. मामा पुन्हा पुन्हा हेच सांगायचा, की साहेब रागावले नाहीत, आवाज चढवला नाही, बसायला खुर्ची दिली.

"खरं ते लिहा. मी अडवणारा कोण?" ते म्हणाले. "फक्त हे दोन कागद बघून घ्या."

एक मंडळाची नवी यादी होती. वसाहतीपुढे लिहिलं होतं, सीमांकन कचेरीच्या नकाशानुसार शहरात. दुसरा कागद सीमांकन कचेरीच्या बैठकीचा वृत्तांत होता. त्यात लिहिलं होतं, विकास मंडळाच्या यादीशी सुसंगत राहण्यासाठी सीमा रेल्वेमार्गावरून निश्चित करण्यात येत आहे.

मामानं दोन्ही कागद दोनदा वाचले. "म्हणजे त्यांनी आपला आधार घेतला आणि आपण त्यांचा."

"पद्धतच आहे तशी."

"पण साहेब, पहिला आधार माझी पेन्सिल आहे."

"तसं कुठे लिहिलेलं नाही."

"मग ठरवलं कुणी?"

साहेबांनी कागद फाइलीत ठेवले आणि फाइलीची दोरी बांधली. "ठरलंय ते," ते म्हणाले. "तुम्ही लिहा, लिहा. तुमच्या शेऱ्याची गरज आहेच आम्हाला."

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. मामाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं शेऱ्याचा कच्चा मजकूर मला वाचायला दिला होता. असा होता: 'सदर रेघ मी स्वतः, माझ्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय काढली. ती केवळ चाचणीसाठी निळ्या पेन्सिलीने काढलेली होती. तिला मंजुरी नव्हती. ती प्रतीत चुकून उमटली आहे. सबब हरकत मान्य करावी.'

"दबावाशिवाय कशाला लिहिलंस?" मी विचारलं.

"नव्हता म्हणून."

"साहेब स्वतः टेबलाशी आले, मामा."

"चहा घेऊन आले. चहा म्हणजे दबाव नव्हे. हरकतीत दबाव म्हटलंय, त्याला उत्तर द्यायलाच हवं. आणि कुणावर खोटा आळ घेऊन मला खरं सिद्ध करायचं नाही."

"अरे, ते अर्धंच वाचतील."

"शेरा पूर्ण वाचायचा असतो," मामा म्हणाला. एकतीस वर्षं त्या इमारतीत काढलेला माणूस हे म्हणत होता. मी आणखी भांडायला हवं होतं. पण त्याच्या शब्दाची मलाही लहानपणापासून सवय होती, आणि मनात कुठेतरी वाटलं की त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यानं तो शेरा सुवाच्य अक्षरात उतरवला, खाली सही केली, सहीखाली पट्टीनं रेघ मारली.

सुनावणी सात मिनिटं चालली. आई कामाच्या साडीऐवजी ठेवणीतली नेसून गेली होती. अधिकाऱ्यानं तिला बोलू दिलं, मधे तोडलं नाही, पेल्यातलं पाणी प्यायलं आणि पुढचा क्रमांक पुकारला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "ऐकून घेतलं हो त्यांनी." मालकानं त्याच आठवड्यात भट्टीत कच्चा माल टाकणं कमी केलं. आतला लाल उजेड रोज थोडा उतरत होता. माणसं येताजाता चिमणीकडे बघायची.

निकाल एका सकाळी फाटकाला चिकटवलेला सापडला. माणसं वाचत होती आणि वाचून झालं की बाजूला होत होती. आईची पाळी आली. ती अक्षराखाली बोट धरून वाचते. मी तिच्या मागे उभी होते. मजकूर असा होता: 'हरकतीत दबावाचा आरोप केलेला आहे. तथापि, सदर रेघ आपण स्वतः, आपल्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय काढल्याचे संबंधित ज्येष्ठ आरेखकांनी लेखी नमूद केले आहे. आरोपात तथ्य नाही. हरकत दप्तरी दाखल.' पुढे कंसात मामाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. म्हणजे आईच्याही वडिलांच्या.

आईचं बोट तिथे थांबलं. ते पुढे सरकेना. मागच्या बाईनं "काय झालं हो?" असं विचारलं तेव्हा आईनं बोट उचललं आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. ती आत जाऊन टेबलावर बसली आणि दिवसभर बाटल्या तपासल्या. त्या दिवशी तिनं कितीतरी चांगल्या बाटल्या डाव्या टोपलीत टाकल्या.

तीन आठवड्यांनी भट्टी रिकामी केली. उरलेली काच खाली पाण्यात सोडली, तिचा आवाज दुपारपर्यंत वसाहतभर ऐकू येत होता. मग तोही थांबला. अकरा वर्षं घरात, झोपेत, बोलण्यात जी घरघर होती ती गेली, आणि शेजारच्या घरातलं भांडं पडलेलं आम्हाला ऐकू यायला लागलं. निम्मी घरं महिन्याभरात रिकामी झाली. मतदार यादीत मात्र आमची सगळ्यांची नावं बिनचूक शहरात गेली होती.

मामा महिनाभर आला नाही. मग एका रविवारी आला. दाराशी चपला काढल्या, वाकून सरळ केल्या. आईच्या केल्या, माझ्या केल्या. आईनं त्याला बसायला सांगितलं आणि चहा पुढे ठेवला.

"खोडरबर होतं ना रे तुझ्या खिशात?" आईनं विचारलं.

"होतं."

"मग?"

"निळी रेघ कुणी पुसत नाही गं. पद्धत नाही." तो कपाकडे बघत होता. "पुसता आली असती."

आईनं डोळे पुसले नाहीत, की आवाजही चढवला नाही. मला वाटलं होतं ती त्याला घराबाहेर काढेल, आणि काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मी या महिन्यात नोकरीतून सुटणार होतो," मामा म्हणाला. "साहेबांनी दोन वर्षं वाढवून दिली. आता शहराच्या प्रभागांचं काम निघालंय. म्हणाले, तुमच्यासारखा हात नाही." त्यानं खिशातून खोडरबर काढून आईला दाखवलं. ते बोटाच्या पेराएवढं उरलं होतं. "आता रोज संध्याकाळी सगळं पुसून निघतो. एक निळी रेघ ठेवत नाही."

आईनं ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि परत त्याच्यापुढे ठेवलं.

"आणि साहेब अजून येतात टेबलाशी? चहा घेऊन?"

मामानं चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधला, तो त्याला सापडेना.

"येतात," तो म्हणाला.

आईनं त्याच्यासमोरचा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. त्यात अजून अर्धा चहा होता.